१.५ लिटर इंजिनावर सुपरचार्जर : फ्युएल पंप कुठला आणि तो बसवायचा कसा?

गायमुख_चढ (धागाकर्ता, ठाणे)

गाडीचं मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. हिशेब कुठल्याही १.५ लिटरच्या चार सिलिंडर पेट्रोल गाडीला लागू पडावा अशी इच्छा आहे. माहिती अशी :

मूळ ताकद ११८ पीएस, गाडी २०११ची, एमएच-०४. ब्लोअर (म्हणजे सुपरचार्जर, इंजिनाच्या जोरावर फिरून हवा दाबून भरणारा) ईटन एम४५, जुन्या मिनी कूपर एसवर यायचा तो. बूस्ट (वातावरणापेक्षा जास्तीचा दाब) ०.४ बार, म्हणजे साधारण ६ पीएसआय. रिटर्न लाइन (इंजिनाकडून उरलेलं पेट्रोल टाकीत परत आणणारी नळी) नाही; दाब राखणारा रेग्युलेटर टाकीतल्या पंपाच्या मॉड्यूलमध्येच आहे आणि रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) ३.५ बार मिळतो. मूळ इंजेक्टर मिनिटाला १९० सीसी. मॅप (इंधनाचा तक्ता) बदलता येणारा स्वतंत्र ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि २.५ बारचा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) घेतला आहे.

इंजेक्टर बदलावे लागणार हे पक्कं. पंपाबद्दल मात्र जो भेटतो तो वेगळं सांगतो. कुणी वॉलब्रो २५५ (म्हणजे तासाला २५५ लिटरचा) म्हणतं, कुणी ४५०. रिटर्न लाइन टाकायची की नाही यावरही एकमत नाही. कृपया आकडे देऊन सांगा.

नेरूळ_ईस्ट

थेट ४५० घ्या. उद्या ब्लोअरची पुली लहान केलीत, बूस्ट वाढवलात तरी पंपाकडे परत बघावं लागणार नाही. पंप मोठा असला म्हणून काही बिघडत नाही, उरलेलं पेट्रोल टाकीत परत जातं.

लॅम्डा_ताई (रबाळे)

नेरूळ, "उरलेलं परत जातं" हे वाक्य या गाडीला लागू होत नाही. परत जायचं ते कुठून, यावरच सगळं अवलंबून आहे. त्यावर येतेच, आधी लागणारं पेट्रोल मोजू.

पद्धत एक, ताकदीवरून. ०.४ बार बूस्ट म्हणजे हवेचा दाब १.४ पट. ११८ × १.४ = १६५. चाकांपर्यंत एवढी ताकद अर्थातच पोहोचणार नाही, कारण ब्लोअर फिरवायलाच इंजिनाची बरीच शक्ती खर्च होते आणि दाबलेली हवा तापते. पण ब्लोअरने खाल्लेल्या शक्तीसाठीही पेट्रोल जळतंच, त्यामुळे इंधनाचा हिशेब १६५ वरच करायचा. सुपरचार्जर असलेल्या इंजिनाला पूर्ण लोडवर दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण ३०० ग्रॅम धरतात. साध्या इंजिनाला २३०च्या आसपास पुरतं.

१६५ × ३०० = ४९.५ किलो. लिटरला ०.७५ किलो घनतेने भागा : तासाला ६६ लिटर. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. त्याचं रासायनिक प्रमाण (एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला किती किलो हवा) १४.७ नसून १३.५च्या आसपास असतं, म्हणून, ई-२०ची थोडी जास्त घनता धरून, ७-८ टक्के वाढवा. झाले साधारण ७० लिटर.

पद्धत दोन, हवेवरून. १.५ लिटर, ६५०० आरपीएम, दर दोन फेऱ्यांना एकदा श्वास. मिनिटाला ४८७५ लिटर. भरण ९५ टक्के, दाब १.४ पट, हवा तापल्यामुळे १.१ ने भाग. येतात साधारण ५९०० लिटर, म्हणजे आपल्याकडच्या हवेत पावणेसात ते सात किलो. लॅम्डा (प्रत्यक्षातलं हवा-पेट्रोल प्रमाण भागिले रासायनिक प्रमाण) ०.८२ वर ई-२० ला सुमारे ११ भाग हवा लागते. पेट्रोल मिनिटाला ०.६२ किलो, तासाला ५० लिटर.

म्हणजे खरी गरज ५० ते ७० च्या मधे कुठेतरी आहे. वरच्या आकड्यावर पंचवीस टक्के शिल्लक धरली तर ८८, सोयीसाठी ९० म्हणू. हे ९० लिटर पंपाने त्या दाबाला आणि त्या व्होल्टेजला दिले पाहिजेत. २५५ हा आकडा ४० पीएसआय आणि १३.५ व्होल्टला मोजलेला असतो. दाब चढला की प्रवाह कमी, व्होल्टेज पडलं की आणखी कमी.

४५० कुणाला लागतो? सातशे-आठशे अश्वशक्तीवाल्याला. इथे तो उपद्रव आहे.

नेरूळ_ईस्ट

उपद्रव कसा ते सांगाल का? जास्त असणं आणि कमी पडणं यात जास्त असणं बरंच की.

लॅम्डा_ताई

सांगते. तीन गोष्टी होतात.

पहिली, रेग्युलेटर गुदमरतो. आयडलला १.५ लिटर इंजिन तासाला जेमतेम एक लिटर पितं. पंपाने फेकलेलं बाकी सगळं मॉड्यूलमधल्या त्या बारक्या रेग्युलेटरच्या भोकातून टाकीत परत पडायला हवं. ते भोक मूळ पंपाच्या, म्हणजे शंभरेक लिटरच्या मापाचं असतं. त्यातून अडीचशे-चारशे लिटर ढकललेत तर दाब ३.५ वर थांबत नाही, चढत जातो. मग आयडलला मिश्रण श्रीमंत (पेट्रोल जास्त), फ्युएल ट्रिम (ईसीयूने केलेली पेट्रोलची दुरुस्ती) उणे १५ टक्के, प्लग काळे. ट्यूनर मॅपमधून पेट्रोल कापतो. पूर्ण लोडवर इंजिन पेट्रोल ओढायला लागलं की तो चढलेला दाब उतरतो आणि कापलेलं पेट्रोल नेमकं बूस्टमधे कमी पडतं. चूक पंपाची, निस्तरत बसतो मॅप.

दुसरी, उष्णता. २५५चा पंपही धरला तर ८ अँपिअर × १३.५ व्होल्ट = १०८ वॉट. पंपात शिरलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी पेट्रोल तापवते. टाकीत १० लिटर पेट्रोल असेल आणि उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरलं तर तासाला २४ अंश. प्रत्यक्षात टाकीचा पत्रा किंवा प्लास्टिक थोडी उष्णता सोडतं. पण मे महिन्यात घोडबंदर रोडला मानपाडा ते गायमुख गाडी रांगत असेल, खाली डांबर तापलेलं असेल, तर सुटणार ती किती? ४५०चा पंप १५ अँपिअरच्या आसपास ओढतो. गुणाकार तुम्हीच करा. गरम पेट्रोल पंपाच्या तोंडाशीच वाफाळतं, पंप वाफ ओढतो, दाब थरथरतो.

तिसरी वायरिंग. ते वागळे सांगतील.

वागळे_वायरिंग (ठाणे)

सांगतो. पंप विकत घेण्याआधी मल्टिमीटर काढा.

पंपाच्या कनेक्टरला, दोन्ही पिनांच्या मागून बारीक प्रोब घालून, इंजिन चालू ठेवून व्होल्टेज बघा. हेडलाइट, एसी, मागची काच गरम करणारा डिफॉगर सगळं लावा. बॅटरीवर १३.८ आणि पंपावर १२.३ दिसलं तर दीड व्होल्ट वाटेत गेला. बारा-पंधरा वर्षांच्या गाडीत हे सर्रास दिसतं : इग्निशन स्विचचे झिजलेले संपर्क, फ्यूज बॉक्समधला जुना रिले, डिकीजवळ गंजलेलं अर्थिंग. अर्धा व्होल्टपर्यंत ठीक. त्यापेक्षा जास्त असेल तर नवा पंपही लंगडाच चालेल.

उपाय स्वतंत्र रिलेचा. ४० अँपिअरचा साधा चार पिनांचा रिले.
३० नंबर : बॅटरी प्लसवरून. मधे २० अँपिअरचा फ्यूज, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज लांब ठेवलात तर तेवढी तार उघड्यावर असुरक्षित राहते.
८७ नंबर : पंपाचा प्लस.
८६ नंबर : पंपाकडे जाणारी मूळ तार. ती आता फक्त रिलेला इशारा देईल.
८५ नंबर : बॉडी अर्थ.

मूळ तारेवरूनच इशारा घ्या, हे कृपया कुणी टाळू नका. इंजिन बंद पडलं की ईसीयू पंप बंद करतो. अपघातात रेलची नळी तुटली तरी पंप थांबतो तो याच कारणाने. रिलेचा इशारा थेट इग्निशनवरून घेतला तर इंजिन थांबल्यावरही पंप तुटक्या नळीतून पेट्रोल ओतत राहील. काही मिस्त्री असं जोडून देतात. गाडी ताब्यात घेताना तपासा : चावी ऑन करा, दोन-तीन सेकंदांत पंपाचा आवाज बंद झाला पाहिजे.

तार किती जाडीची? बॅटरी पुढे आणि टाकी मागे, पाच मीटर धरा. २.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेत १० अँपिअरला ०.३५ व्होल्ट पडतो, ४ चौरस मिमीत ०.२२. मी ४ चीच सुचवेन. घरगुती वायरिंगची तार नको. इंजिनाच्या उष्णतेत तिचं आवरण टणक होऊन तडकतं. गाडीची, बारीक धाग्यांची तार घ्या आणि वरून जाळीदार स्लीव्ह. अर्थिंग पंपाजवळच, रंग खरवडून, खरवडलेल्या जागेला नंतर ग्रीस. आपल्याकडच्या पावसात आणि खाडीच्या हवेत उघडा पत्रा एका मोसमात गंजतो.

आणि मॉड्यूलच्या झाकणातल्या पिना. त्या मूळ पंपाच्या चार-पाच अँपिअरसाठी असतात. तिथून १५ नेलेत की पिनेभोवतीचं प्लास्टिक मऊ पडतं, आणि हे सगळं टाकीच्या तोंडावर.

गायमुख_चढ

मोजलं. कनेक्टरला ११.६, बॅटरीला १३.५. डिफॉगर आणि एसी चालू होता.

वागळे_वायरिंग

१.९ व्होल्ट! मग पंप कमी पडतोय की तार, हे अजून कुणालाच माहीत नाही. आधी प्रवाह मोजा.

लॅम्डा_ताई

मोजायची रीत लिहिते, कारण बहुतेक जण रेलची नळी काढून बाटलीत सोडतात. नळी मोकळी असताना दाब शून्य असतो. त्या आकड्याला अर्थ नाही.

रेलकडे जाणाऱ्या नळीला टी जोडा. एका तोंडाला ० ते ७ किंवा ० ते १० बारचा गेज, दुसऱ्याला सुईचा व्हॉल्व्ह, पुढे नळी मापाच्या कॅनमध्ये. पंप चालू करून व्हॉल्व्ह आवळत गेज ३.३ बारवर आणा. ३.५ ला टाकीतला रेग्युलेटर उघडतो, त्यामुळे त्याच्या थोडं खाली थांबायचं. मग ३० सेकंद मोजून पेट्रोल जमवा. तासाला ९० लिटर म्हणजे ३० सेकंदांत ७५० सीसी.

एकदा मूळ तारांवर मोजा. मग पंपाला बॅटरीवरून जाड तारा देऊन परत. दोन्ही आकड्यांमधला फरक हा तारांचा दोष.

हे सोसायटीच्या बेसमेंटमध्ये किंवा पोडियमखाली अजिबात करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागी साचते. उघड्यावर, वारा असेल तिथे, एबीसी पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवून. बॅटरीच्या क्लिपा आधी पंपाला लावा, शेवटची जोडणी कॅनपासून लांब, बॅटरीकडे करा. ठिणगी पडते ती शेवटच्या जोडणीला. कॅन धातूचा असेल तर तो बॉडीला तारेने जोडून जमिनीवर ठेवा.

कोपरीकर

मधेच विचारतो. इंजेक्टर तेच ठेवून रेलचा दाब वाढवणारा रेग्युलेटर मिळतो ना, बूस्टच्या बारा पट दाब चढवणारा? स्वस्तात काम होतं असं ऐकलंय.

लॅम्डा_ताई

होतं असं दिसतं फक्त. ०.४ × १२ = ४.८ बार, वर मूळ ३.५. रेलमध्ये ८ बारपेक्षा जास्त. त्या दाबाला बहुतेक पंपांचा आतला रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि प्रवाह कोसळतो. तोही नेमका बूस्ट सर्वाधिक असताना. शिवाय प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो : दाब दुप्पट केला तरी पेट्रोल ४१ टक्केच जास्त. मॅप बदलता येत नव्हता त्या काळातला तो उपाय. आज ईसीयू हातात असताना नको.

गायमुख_चढ

मोजमाप घेतलं, उघड्या मैदानात, सकाळी.
मूळ तारा : ६२० सीसी.
बॅटरीवरून थेट, पंपावर १२.५ व्होल्ट : ७१० सीसी.
दोन्ही ३.३ बारवर, प्रत्येकी तीनदा मोजून.

लॅम्डा_ताई

म्हणजे तासाला ७४ आणि ८५ लिटर. १३.५ व्होल्ट मिळाले तर आणखी वाढेल. हा मूळ पंप नवा असता तर मी म्हणाले असते की रिले टाका आणि पंपाला हात लावू नका. तुमच्या गरजेच्या वर आहे तो. पण २०११चा पंप, ब्रश झिजलेले, जाळी किती तुंबली आहे कोण जाणे, आणि पुढे त्यावर बूस्टचं इंजिन. बदलाच, पण १६५ लिटर वर्गातला. रिटर्न लाइन असती तर २५५ घ्यायला माझी हरकत नव्हती.

नेरूळ_ईस्ट

मग रिटर्न लाइनच का टाकत नाही? बूस्ट-रेफरन्स रेग्युलेटर (बूस्टइतकाच रेलचा दाब वाढवणारा) लावला की इंजेक्टरवरचा दाबफरक कायम राहतो. बूस्ट आलं की रेलमधल्या ३.५ मधून ०.४ वजा होतात हे विसरून चालेल का?

लॅम्डा_ताई

मुद्दा बरोबर आहे. ३.५ − ०.४ = ३.१. वर्गमूळ काढलं तर इंजेक्टर ६ टक्के कमी देईल. पण ईसीयूला मॅनिफोल्डचा दाब माहीत आहे, रेलचा दाब स्थिर आहे, तर तो ही तूट स्वतः भरून काढू शकतो. चांगल्या स्वतंत्र ईसीयूत इंजेक्टरच्या तक्त्यात रेलचा दाब वातावरणाच्या तुलनेत स्थिर आहे की मॅनिफोल्डच्या, हे निवडता येतं. ते बरोबर निवडा. ०.४ बारला मी एवढ्यावर थांबेन.

इंजेक्टर ३ बारला ३८० सीसीचे घ्या. ३.१ बारला ते ३८६ देतील. ७० लिटर म्हणजे प्रत्येकी मिनिटाला २९२ सीसी, म्हणजे ७६ टक्के ड्युटी (इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो ते), आणि हवेच्या हिशेबाने ५४. ८५च्या खाली हवं, आहे. यापेक्षा फार मोठे नकोत, आयडलला पल्स इतका छोटा होतो की इंजिन डुचमळतं.

०.७-०.८ बारला जायचं ठरलं तर मात्र नेरूळ म्हणतात तसं : रिटर्न, बाहेरचा रेग्युलेटर, २५५.

तुर्भेकर (नवी मुंबई)

रिटर्न टाकणाऱ्यांसाठी चार गोष्टी, पुढे कुणाला लागल्या तर.

चारकोल कॅनिस्टरची (टाकीतली वाफ शोषणाऱ्या डब्याची) वाफेची नळी रिटर्न म्हणून वापरू नका. नळी तयार मिळते म्हणून मोह होतो. त्याने कॅनिस्टर पेट्रोलने भरतो, टाकीचा श्वास बंद होतो.

रिटर्न पेट्रोलच्या पातळीखाली, शक्यतो मॉड्यूलच्या बादलीत (पंप ज्यात बसतो त्या छोट्या डब्यात) सोडा. वरून धार पडली तर फेस होतो आणि पंप फेस ओढतो.

रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी थ्रॉटल आणि ब्लोअर या दोघांच्या पुढून, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डवरून. एम४५मध्ये थ्रॉटल ब्लोअरच्या आधी असतो. थ्रॉटल आणि ब्लोअरच्या मधून नळी घेतली तर रेग्युलेटरला बूस्ट कधी कळतच नाही. बेस प्रेशर (रेलचा मूळ दाब) ठरवताना ही नळी काढून तिचं तोंड बंद करायचं.

आणि नळ्या. रबाळे, महापे, तुर्भे एमआयडीसीत हायड्रॉलिक होज क्रिंप करून देणारे पुष्कळ आहेत, काम सुबक करतात. पण साधा हायड्रॉलिक होज आतून नायट्राइल रबराचा असतो. तेलाला उत्तम, ई-२० ला नाही. आतल्या थरातून वाफ झिरपते, गाडीत वास येतो, रबर फुगतं. मागताना "आतून पीटीएफई (टेफ्लॉन), बाहेरून स्टेनलेस जाळी" असं स्पष्ट मागा आणि कापलेलं टोक बघून घ्या. आत रबर नव्हे, कडक गुळगुळीत नळी दिसली पाहिजे.

रबरी नळी वापरायची असेल तर टाकीबाहेर एसएई ३०आर९. ३०आर७ ही कार्ब्युरेटरच्या कमी दाबाची, ती नको. टाकीच्या आत मात्र ३०आर१० च. ही चूक मला सर्वांत जास्त सतावते. ३०आर९ आतून पेट्रोलला टिकते, बाहेरचं आवरण पेट्रोलात बुडण्यासाठी नसतं. काही महिन्यांत ते चिकट होतं, सुटतं, फाटतं. पंप चालूच असतो पण अर्धं पेट्रोल टाकीतच फवारत राहतं. गेजवर दाब नाही, पंपाचा आवाज ठणठणीत, आणि माणूस पंप बदलत बसतो. ३०आर१० महाग आहे आणि वीतभरच लागते. तेवढे पैसे घाला.

क्लॅम्प भोकांच्या पट्टीचे नकोत, त्या भोकांतून रबर चिरतं. गुळगुळीत कडेचे इंजेक्शन क्लॅम्प किंवा कानाचे क्लॅम्प.

गायमुख_चढ

१६५चा पंप आणि ३८० चे इंजेक्टर ठरले. आता टाकीतून मॉड्यूल काढायचा क्रम सांगाल का? माझ्या गाडीत मागच्या सीटखाली झाकण आहे.

तुर्भेकर

टाकी पाव भरलेली असावी, जास्त नको. पंपाचा फ्यूज काढा, इंजिन चालू करून पेट्रोलअभावी बंद पडू द्या, दोनदा सेल मारा. रेलचा दाब उतरला. बॅटरीचा मायनस काढा. सगळी दारं उघडी.

झाकणाभोवतीची धूळ-माती आधी ब्रशने, मग ओल्या फडक्याने साफ करा. ही पायरी कुणी मनावर घेत नाही. वर्षानुवर्षांची वाळू सरळ टाकीत पडते आणि नव्या पंपाची जाळी पहिल्याच दिवशी भरते.

लॉक रिंगला योग्य पाना मिळाला तर उत्तम, नाहीतर पितळी पंच. लोखंडी छिन्नी नको, ठिणगी पडते. रिंग फिरण्याआधी झाकण आणि टाकीवर एक रेघ मारून ठेवा, बसवताना दिशा तीच यायला हवी. मॉड्यूल तिरपं करून काढा, फ्लोटचा दांडा वाकवू नका. वाकला तर पेट्रोलचा काटा कायमचा खोटं सांगेल.

बादली उघडल्यावर आधी मोबाइलवर फोटो. जेट पंप कुठे आहे ते ओळखा : पंपातलंच थोडं पेट्रोल बारीक भोकातून जातं आणि त्याच्या ओढीने बादली भरलेली राहते. नवा पंप बसवताना ती वाट बंद केली किंवा नळी जोडायची राहिली तर टाकी अर्धी असतानाही बादली रिकामी होते. सरळ रस्त्याला काही कळत नाही. घाटात किंवा लांब वळणावर पूर्ण थ्रॉटलला दाब पडतो.

पंपाची जाळी बादलीच्या तळाला टेकलेली हवी, दुमडलेली नको. पंपाभोवतीचं रबर परत बसवा, नाहीतर सीटखालून घूं-घूं येत राहील. झाकणाची सील रिंग नवीच. जुनी पेट्रोलात फुगलेली असते, बाहेर काढली की खोबणीपेक्षा मोठी भरते आणि बसत नाही. तिला ओढूनताणून बसवू नका, कडेने गळते. सिलिकॉन सीलंट तर अजिबात नको. पेट्रोलात फुगून त्याचे तुकडे सुटतात आणि जाळीत, फिल्टरमध्ये अडकतात.

ओ-रिंग सगळ्या व्हायटनच्या (पेट्रोल सोसणाऱ्या रबराच्या).

कोपरीकर

पंप खरा की नकली कसं ओळखायचं? बाजारात एकाच खोक्यात तीन भाव सांगतात.

वागळे_वायरिंग

खोक्यावरून, होलोग्रामवरून काही ठरवू नका. ताईंनी वर लिहिलेली चाचणी नव्या पंपावर करा, सोबत अँपिअर मोजा. प्रत्येक चांगल्या पंपाचा दाबानुसार प्रवाह आणि अँपिअरचा तक्ता कंपनी देते. ३ बारला तक्त्यापेक्षा प्रवाह बराच कमी आणि अँपिअर जास्त, तर पंप परत. घेतानाच दुकानदाराशी हे बोलून ठेवा, कारण पेट्रोलात बुडवलेला पंप नंतर कुणी परत घेत नाही. कोरडा मात्र एक सेकंदही फिरवू नका, पेट्रोल हेच त्याचं वंगण आणि थंडावा.

लॅम्डा_ताई

आता ट्यूनिंगच्या दिवसासाठी. रेलवर ० ते १० बारचा सेन्सर कायमचा बसवा आणि ईसीयूत लॉग करा. वाइडबँड (एक्झॉस्टमधून लॅम्डा मोजणारा सेन्सर), इंजेक्टर ड्युटी, मॅप सेन्सर, पंपाचं व्होल्टेज, हे सगळं एकाच लॉगमध्ये हवं.

वाइडबँडचा गेज लॅम्डा दाखवेल असा ठेवा. एएफआर (हवा-पेट्रोल प्रमाण) दाखवणारे गेज बहुतेक लॅम्डाला १४.७ ने गुणून आकडा देतात. ई-२० चं खरं प्रमाण १३.५ असताना त्या आकड्यांवरून बोलणी केली की घोळ होतो. बूस्टमधे ०.८० ते ०.८२.

लॉग कसा वाचायचा : आरपीएम वाढताना रेलचा दाब उतरतोय आणि व्होल्टेजही उतरतंय, तर तार. व्होल्टेज ठीक पण दाब उतरतोय, तर जाळी, फिल्टर किंवा पंप. दाब अगदी सरळ आहे तरी लॅम्डा लीन (पेट्रोल कमी), तर इंजेक्टरची ड्युटी बघा, नाहीतर मॅप. थंड असताना ठीक आणि तासभर रांगल्यावर दाब थरथरतो, तर गरम पेट्रोल. टाकी पावाच्या खाली नेऊ नका. गाडी बंद केल्यावर दाब मिनिटभरात शून्य, तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह किंवा आतली नळी, आणि सकाळी लांब सेल मारावा लागेल.

ईसीयूत एक सुरक्षा घालाच. बूस्टमधे रेलचा दाब ३.५ वरून ३.१ च्या खाली गेला तर इग्निशन किंवा पेट्रोल तोडायचं. लीन मिश्रणात बूस्टखाली नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून बसणारे ठोके) सुरू झालं की पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटायला काही सेकंद पुरतात. पिस्टन मूळचे, ओतीव आहेत. ९५ किंवा १०० ऑक्टेन घालून नॉकिंगला थोडी मुभा मिळते, कमी पडणारं पेट्रोल भरून निघत नाही.

आणि हे सगळं डायनोवर (गाडी जागेवर ठेवून चाकं फिरवायच्या यंत्रावर). पाम बीच रोडवर नाही. तिथे माणसं चालतात, सिग्नल आहेत, आणि लॉगकडे बघणारा माणूस रस्त्याकडे बघू शकत नाही.

कोपरीकर

आरटीओचं काय?

वागळे_वायरिंग

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ : निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय नको. कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो. नुसता पंप बदलणं हे दुरुस्तीत मोडेल, ब्लोअर नाही. ट्रॅकवरच चालवायची असेल तर नेण्या-आणण्याचीही सोय आधी करा.

गायमुख_चढ

बसवलं. ४ चौरस मिमी तार, स्वतंत्र रिले. सगळं चालू असताना पंपावर १३.२, बॅटरीवर १३.५.
नवा पंप ३.३ बारवर : ३० सेकंदांत ११८० सीसी.
आयडलला रेलमध्ये ३.६ बार, आधी ३.५ होता.
डायनोवर ६५०० आरपीएम, ०.४ बार बूस्टला रेल ३.५, लॅम्डा ०.८१, ड्युटी ५८ टक्के.
बादलीतली जुनी जाळी तपकिरी झाली होती, तळाला बारीक गाळ.

लॅम्डा_ताई

तासाला १४२ लिटर, म्हणजे तुमच्या गरजेच्या वरच्या आकड्याच्या, ७० लिटरच्या, दुप्पट. ५८ टक्के ड्युटी म्हणजे हवेवरून काढलेल्या हिशेबाच्या जवळ. ताकदीवरून काढलेला नेहमीच थोडा सढळ असतो. आयडलचा ०.१ बार हा रेग्युलेटरवर आलेला जास्तीचा प्रवाह. चालेल, फक्त आयडलचे ट्रिम ३.६ धरून परत बघा आणि पेट्रोल कापायचं ते त्या भागापुरतंच, बूस्टच्या भागाला हात लावू नका.

तुर्भेकर

तळाला गाळ होता तर टाकी पुसून घेतलीत ना? नसेल तर ५०० किलोमीटरनंतर रेलचा दाब परत लॉग करा आणि नवी जाळी एकदा काढून बघा. सील रिंगभोवती त्याच वेळी कोरडा कागद फिरवा. पावसाळ्याआधी टाकीचं झाकण आणि भरण्याच्या नळीचं रबरही बघा. ई-२० मधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाण्याचं प्रमाण वाढलं की ते पेट्रोलपासून सुटून तळाला बसतं, जिथे पंपाची जाळी टेकलेली असते.

गायमुख_चढ

टाकी पुसली नव्हती. या रविवारी परत उघडतो. नवी सील रिंग आणखी एक आणून ठेवली आहे.